वेल्ड शॅमेलिऑनचं पिल्लू वाढवताना: आधी पिंजरा, मग ऊन, मग पाणी, मग खाद्य

शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, पिल्लाला खायला काय घालायचं, हा नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. खरं तर खाद्याचा भाग त्यातल्या त्यात सोपा आहे. पिल्लं दगावतात ती बहुतेक वेळा पाणी अंगी न लागल्याने, चुकीच्या दिव्याखाली वाढल्याने किंवा सतत हाताळल्याने. हा प्राणी आजार लपवतो. सुस्ती डोळ्यांना दिसायला लागते तोवर आतलं दुखणं दोन-तीन आठवडे जुनं झालेलं असतं. त्यामुळे आधी घर नीट उभं करायचं आणि पिल्लू त्यानंतर आणायचं. ही माहितीही त्याच क्रमाने दिली आहे.

इथे लिहिलंय ते वेल्ड शॅमेलिऑनबद्दल. येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा हे त्याचं मूळ घर. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा आणि पहाटे दव, अशा हवेत तो वाढतो. हे एवढं मनात ठेवलं की पुढचे बहुतेक आकडे पाठ करावे लागत नाहीत. पँथर शॅमेलिऑन मादागास्करचा आहे. त्याची निगा बरीचशी सारखी असली तरी त्याला हवेत ओलावा जास्त लागतो.

घेण्यापूर्वी

आपल्याकडे शेताच्या बांधावर, बाभळीवर किंवा पावसाळ्यात रस्ता ओलांडताना दिसणारा सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणं, विकत घेणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे. सापडलेलं पिल्लू 'वाचवायला' म्हणूनही घरी आणू नका. जखमी असेल तर वन विभागाला कळवा, धडधाकट असेल तर होतं त्याच झाडावर राहू द्या.

वेल्ड हा परदेशी प्राणी आहे आणि वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या परिशिष्ट २ मध्ये त्याचं नाव आहे. भारतात असे प्राणी बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मालक बदलला, पिल्लं झाली किंवा प्राणी मेला, तर तेही कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे नोंदणीचे कागद नसतील तर तिथून परत फिरा. परदेशात राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचा कायदा पाहावा. हवाईत हा प्राणी बाळगायलाच बंदी आहे, कारण पाळलेले वेल्ड सुटून तिथल्या जंगलात पसरले.

पिल्लू किमान तीन महिन्यांचं असावं. त्याहून लहान पिल्लू एखाद्या दिवसाच्या हयगयीनेही कोसळतं आणि नवशिक्याच्या हातून अशी हयगय होणारच. निवडताना हे पाहा:

- दोन्ही डोळे उघडे, गोल आणि भरलेले हवेत. खोल गेलेला किंवा दिवसा मिटलेला डोळा दिसला तर ते पिल्लू घेऊ नका.
- चालताना पोट फांदीपासून वर उचललेलं असावं. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले नसावेत.
- चारही पंजांची पकड घट्ट असावी.
- तुमच्यासमोर त्याने निदान एक किडा जिभेने टिपून खावा. "आत्ताच खाल्लंय" असं उत्तर मिळालं तर दुसऱ्या दिवशी परत जा.

नर की मादी हे वेल्डमध्ये जन्मापासून कळतं. मागच्या पायाच्या टाचेवर बारीक काटा असेल तर नर, नसेल तर मादी. पहिल्यांदा पाळणाऱ्याने नर घ्यावा. मादी एकटी असली तरी अंडी घालते आणि त्याची वेगळी तयारी करावी लागते. ती शेवटी दिली आहे.

एका पिंजऱ्यात एकच पिल्लू ठेवायचं. दोघं भावंडं शांत बसलेली दिसली तरी एक जण उन्हाची जागा आणि खाद्य बळकावतो आणि दुसरा हळूहळू खंगत जातो. शेपटीची टोकं आणि पायाची बोटं चावली जातात ते वेगळंच. समोर आरसा किंवा दुसरा शॅमेलिऑन सतत दिसत असेल तरी त्रास होतो.

पिंजरा

तीन ते आठ महिन्यांच्या पिल्लाला ४० × ४० सेंमी तळाचा आणि ७५ सेंमी उंच पिंजरा पुरतो. त्यानंतर ६० × ६० × १२० सेंमीचा लागतो. सुरुवातीलाच मोठा घेतला तरी चालतं, फक्त त्यात झाडं दाट हवीत आणि खाद्य सापडेल अशा ठरलेल्या जागी मिळायला हवं.

बाजूंना जाळी हवी. खिडकीला लावतात ती फायबरची मच्छरजाळी रातकिडे कुरतडून बाहेर पडतात. कोंबड्यांच्या खुराड्याची लोखंडी जाळी गंजते आणि तिच्यात नखं अडकून उपटली जातात. बारीक विणीची ॲल्युमिनियमची जाळी सगळ्यात बरी. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत चारही बाजूंना जाळीच ठेवा. छत्रपती संभाजीनगर, नागपूरसारख्या कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत मागची आणि दोन बाजूंची जाळी पारदर्शक प्लास्टिकच्या शीटने बाहेरून झाका, नाहीतर फवारलेलं पाणी दहा मिनिटांत उडून जाईल.

तळाला काहीही पसरू नका. कोकोपीट, भुसा, वाळू, गारगोट्या यांतलं काहीच नको. किडा टिपताना जिभेला चिकटून हे सगळं पोटात जातं. साधा टिश्यू पेपर अंथरा किंवा तळ उघडा ठेवून खाली पाणी गोळा करायला ट्रे ठेवा. विष्ठाही लगेच दिसते.

पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही. सगळ्यात वरची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर यायला हवी, एवढ्या उंच टेबलावर किंवा भिंतीतल्या कपाटावर तो ठेवा. या प्राण्याला वरून येणारी प्रत्येक गोष्ट शिकारी पक्षी वाटते. आपण वाकून बघतो तेव्हा त्याच्या दृष्टीने घारच येत असते. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला असू द्या. वर पंखा नको, समोर एसीचा झोत नको, शेजारी टीव्ही नको. त्या खोलीत मच्छर पळवणारं लिक्विड मशीन, कॉइल, अगरबत्ती, रूम फ्रेशनर यांतलं काही वापरू नका. पेस्ट कंट्रोल असेल तर पिल्लू आणि खाद्यकीटक दोन्ही दुसऱ्या घरी हलवा.

फांद्या पेरूच्या किंवा आंब्याच्या चालतात. बोरूपासून अंगठ्यापर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, गरम पाण्याने घासून उन्हात वाळवा. निम्म्याहून जास्त फांद्या आडव्या हव्यात, आणि एकीवरून दुसरीवर उडी न मारता जाता आलं पाहिजे. जमिनीवर न उतरता पिल्लू पूर्ण पिंजरा फिरू शकलं तर मांडणी जमली.

झाडं खरी लावा. वेल्ड पानं खातो, प्लास्टिकचीही चावून बघतो, आणि ते आतड्यात अडकतं. मनीप्लांट, जास्वंद आणि शेफ्लेरा ही तिन्ही झाडं महाराष्ट्रातल्या कोणत्याही नर्सरीत मिळतात आणि पिंजऱ्यात टिकतात. जास्वंदीची कोवळी पानं आणि फुलं तर तो आवडीने खातो. कण्हेर, रुई, शेर, पॉइन्सेटिया, डिफेनबेकिया यांना पिंजऱ्यात थारा नको. नर्सरीतलं रोप थेट आत ठेवू नका, कारण त्यावर कीटकनाशक मारलेलं असतं आणि काही औषधं मुळांतून पानात गेलेली असतात. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, कुंडीतली माती बदला, रोप महिनाभर बाहेर वाढू द्या आणि मग आत घ्या. कुंडीच्या मातीवर पिल्लाच्या डोक्यापेक्षा मोठे गोल दगड झाकण म्हणून ठेवा.

मांडणी झाली की पिंजरा आठवडाभर रिकामाच चालवा. दिवे, फवारे, सगळं वेळेवर. रोज सकाळी, दुपारी आणि रात्री तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवा. प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) असलेलं डिजिटल थर्मामीटर घ्या, काट्याचं गोल चिकटवायचं नको, ते चार-पाच अंश सहज चुकतं. हा आठवडा कोणालाच नको असतो, पण दिवा जास्त तापतोय हे पिल्लाच्या पाठीवरच्या डागातून कळण्यापेक्षा थर्मामीटरवर कळलेलं बरं.

ऊन आणि दिवे

दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात: अतिनील किरणं, म्हणजे यूव्हीबी, आणि ऊब. एकाच बल्बवर दोन्ही भागवायला जाऊ नका.

यूव्हीबी अंगावर पडल्यावर त्वचेत व्हिटॅमिन डी३ तयार होतं आणि त्याच्या जोरावर आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. यूव्हीबी नसेल तर कॅल्शियमची पावडर कितीही चारा, हाडं मऊच राहतात. यासाठी टी५ एचओ (जास्त प्रकाश देणारी बारीक ट्यूबलाइट) जातीची लांब नळी घ्यायची, ५.० किंवा ६ टक्के असं लिहिलेली. पिळाचा छोटा कॉम्पॅक्ट बल्ब स्वस्त पडतो, पण त्याचा पट्टा फार अरुंद असतो आणि पिल्लू त्याखाली थोडाच वेळ असतं. नळी जाळीच्या वर ठेवा आणि उन्हाची फांदी तिच्यापासून २० ते २३ सेंमी खाली बांधा. ज्यांच्याकडे यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता, मोजायचं मीटर आहे त्यांनी त्या फांदीवर ३ च्या आसपास आकडा धरावा. नळी दिसायला चालू असली तरी तिची यूव्हीबी घटत जाते, म्हणून १२ महिन्यांनी बदला. तारीख नळीवरच मार्करने लिहून ठेवा.

खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. उघडं ऊन मात्र उत्तम, आणि आपल्याकडे ते फुकट आहे. सकाळी नऊच्या आत जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात पिल्लाला गॅलरीत २०-३० मिनिटं ठेवा. निम्म्या भागावर झाडाची किंवा कापडाची सावली हवी, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही, कारण कावळा आणि मांजर दोघंही जाळीवर येतात. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका. काही मिनिटांत आतलं पिल्लू शिजून मरतं.

उबेसाठी साधा ४० ते ६० वॉटचा तारेचा पिवळा बल्ब जाळीच्या वर, एका कोपऱ्यात लावा. पिल्लाला उन्हाच्या फांदीवर २७ ते २९ अंश सेल्सिअस पुरतात, बाकी पिंजऱ्यात २२ ते २५. लहान जीव पटकन तापतो, मोठ्या नराला चालणारे ३१-३२ अंश त्याला जास्त होतात. तोंड उघडून बसलं आणि रंग फिका पडला तर ते तापलंय, बल्ब वर उचला. सकाळी गडद रंग करून, अंग चपटं करून दिव्याकडे कूस वळवली असेल तर ते ऊब घेतंय, त्यात काळजीचं काही नाही. दिवसभर काळपट राहिलं तर थंडी, भीती किंवा आजार.

सकाळी ७ ते संध्याकाळी ७ दिवे, मग पूर्ण काळोख. टायमर लावा. रात्री लाल किंवा निळा बल्ब नको, त्याला तो प्रकाश दिसतो आणि झोप मोडते. रात्री तापमान १८-२० अंशांवर आलं तर ते चांगलंच, पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात ते आपोआप जमतं. खरी अडचण उन्हाळ्याची. खोली २९ च्या वर जात असेल तर उबेचा बल्ब बंद ठेवा, यूव्हीबीची नळी चालू राहू द्या. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत एसी असलेल्या खोलीशिवाय हा प्राणी सांभाळता येत नाही. तशी सोय नसेल तर वेल्ड पाळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाणी

शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरून ओघळणारा थेंब त्याला पाणी म्हणून कळतो.

१. पहाटे दिवे लागण्याच्या आधी दोन मिनिटं बारीक फवारा मारा, पानं ठिबकायला लागेपर्यंत.
२. दुपारी ड्रिपर २० ते ३० मिनिटं चालवा. त्यासाठी सलाइनचा नवा सेट उत्तम. बाटली जाळीवर टांगा, नळीचं टोक दाट पानांवर सोडा आणि चाकाने वेग सेकंदाला एक थेंब एवढा करा. काहीच नसेल तर प्लास्टिकच्या ग्लासाला टाचणीने भोक पाडून तो वर ठेवला तरी चालतो.
३. रात्री दिवे गेल्यावर पुन्हा दोन मिनिटं फवारा.

दिवसा आर्द्रता ३० ते ५० टक्के, रात्री ७५ च्या वर, असं धरा. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानं कोरडी झालीच पाहिजेत. उबदार आणि सतत ओली हवा फुफ्फुसाचा संसर्ग आणते. फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, फक्त गार रात्रीसाठी आहे. मुंबईत जूनमध्ये रात्री २७ अंश आणि आर्द्रता आधीच ८५ टक्के असते, तिथे फॉगर लावणं म्हणजे आजाराला बोलावणं. उलट तिथे पावसाळ्यात रात्रीचा फवारा अर्ध्या मिनिटावर आणा आणि खोलीत हवा खेळती ठेवा. पाणी फिल्टरचं वापरा, आणि फवाऱ्याची बाटली आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवा. साचलेल्या पाण्याची बुळबुळीत बाटली पिल्लाच्या तोंडावर जंतू उडवते.

पाणी पुरतंय का, हे विष्ठा सांगते. तपकिरी भागासोबत येणारा पांढरा भाग पांढराशुभ्र असेल तर ठीक. टोकाला किंचित पिवळा असला तरी चालतं. सगळाच नारिंगी आणि खडबडीत झाला तर पिल्लू कोरडं पडतंय. पुढचे तीन-चार दिवस ड्रिपर दिवसातून दोनदा लावा. सिरिंजने तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. टबात डुंबवूही नका. त्याने पाणी अंगात जात नाही, भीती मात्र बसते.

खाद्य

मापाचा नियम एकच. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. तीन महिन्यांच्या पिल्लाला साधारण ६ मिमीचे रातकिडे लागतात, चार-पाच महिन्यांत १० ते १२ मिमीचे.

किती आणि कधी:

- ३ ते ६ महिने: रोज, १० ते १२ छोटे किडे, दोन वेळा विभागून. १५ मिनिटांत जेवढे टिपेल तेवढे, उरलेले काढून घ्या.
- ६ ते ९ महिने: रोज एकदा, ६ ते ८ मध्यम किडे. मादी असेल तर याच वयापासून हात आखडता घ्या.
- ९ ते १२ महिने: एक दिवसाआड ५ ते ६.
- पुढे: एक दिवसाआड ३ ते ५, तब्येत पाहून.

दिवे लागल्यावर तास-दीड तासाने खायला द्या, आधी अंग तापू दे. गार पोटात अन्न पचत नाही. शेवटचं खाणं दिवे जाण्याच्या चार तास आधी संपायला हवं. रात्रभर पिंजऱ्यात मोकळे राहिलेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाला चावतात. पापण्या आणि पायाची बोटं कुरतडलेली आम्ही पाहिली आहेत. त्यामुळे खाद्य एका उंच, गुळगुळीत भिंतीच्या पांढऱ्या कपात द्या. आतून प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा लावला की किडे त्यावर चढून दिसतात. कप नेहमी एकाच फांदीशी बांधा. पहिले दोन-तीन दिवस कपाकडे लक्ष गेलं नाही तर दोन किडे पानांवर सोडा आणि हळूहळू कपाकडे आणा.

मुख्य खाद्य रातकिडे किंवा ड्युबिया झुरळांची पिल्लं, जोडीला रेशीमअळ्या आणि ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या. रेशीमअळी मऊ आणि पाणीदार असते. जालना, बीड भागात तुतीवर रेशीमशेती होते, पण शेतकऱ्याकडून अळ्या घेताना संगोपनगृहात निर्जंतुकीकरणाची भुकटी मारली आहे का, हे विचारा. मारली असेल तर घेऊ नका. अंडी आणून घरीच स्वच्छ तुतीच्या पाल्यावर वाढवणं जास्त सुरक्षित. मीलवर्म आणि सुपरवर्म या अळ्या आठवड्यातून एक-दोन, तेही पाच महिन्यांनंतर. त्यांचं कवच टणक असतं. वॅक्सवर्म अळ्या फक्त चरबी देतात.

घरातली झुरळं, मोरीतले किडे, दिव्याखाली पडलेले पतंग देऊ नका. त्यांनी कुठलं औषध खाल्लंय ते आपल्याला कळत नाही. काजवा कधीच नाही. काजव्यात विष असतं आणि एक काजवा पिल्लाचा जीव घ्यायला पुरतो. रुईवरच्या सुरवंटांचंही तेच.

किड्यांचं पोट आधी भरा

उपाशी रातकिडा म्हणजे पोकळ टरफल. दुकानातून आलेले किडे २४ ते ४८ तास चांगलं खाऊ घालून मगच पिल्लाला द्यायचे. त्यांना शेवग्याचा पाला, मोहरीची पानं, तुतीची पानं, गाजर, रताळं, लाल भोपळा द्या. शेवग्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि तो दारात मिळतो, महागड्या आयात पावडरीची गरज पडत नाही. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. पाण्याची वाटी ठेवली तर किडे बुडून मरतात, गाजराच्या किंवा संत्र्याच्या फोडीतून त्यांना पुरेसं पाणी मिळतं. बाजारातला भाजीपाला अर्धा तास पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घ्या.

रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट जास्त असतो आणि पिल्लाला उलट प्रमाण लागतं, दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. म्हणून पावडर लावावी लागते:

- प्रत्येक खाण्याला: साधं कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस आणि डी३ नसलेलं.
- महिन्यातून दोनदा, समजा १ आणि १५ तारखेला: सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचं मल्टिव्हिटॅमिन, ज्यात डी३ आणि तयार व्हिटॅमिन ए दोन्ही आहेत. त्या दिवशी साधं कॅल्शियम लावायचं नाही.

किडे कपात घ्या, चिमूटभर पावडर टाका, एकदा फिरवा. अंगावर हलकी पांढुरकी झाक आली की पुरे. पिठात घोळलेला किडा पिल्लू थुंकून टाकतं. डी३ आणि व्हिटॅमिन ए अंगात साठतात, जास्त झाले की गळ्याखाली आणि मानेभोवती पाण्याची पिशवी आल्यासारखी सूज दिसते. तसं दिसलं तर सगळ्या पावडरी थांबवून डॉक्टरांना दाखवा. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून लावू नका, त्यांत बहुतेक वेळा डी३ मिसळलेलं असतं. आणि पानाचा चुना तर मुळीच नाही. तो दाहक असतो, जीभ आणि अन्ननलिका भाजते.

पहिले पंधरा दिवस

पिल्लू आणल्यावर फांदीवर सोडा आणि पिंजऱ्याची पुढची बाजू हलक्या कापडाने निम्मी झाका. दोन-तीन दिवस ते खाणार नाही, खाल्लं तरी तुमच्यासमोर नाही. पाणी चालू ठेवा, खाद्याचा कप ठेवून निघून जा. पंधरा दिवस हातात घ्यायचं नाही. शेजारी, पाहुणे, मुलांचे मित्र, सगळ्यांना लांबूनच दाखवा.

नंतरही उचलायची गरज वजन करण्यापुरतीच. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर एक डहाळी ठेवून काटा शून्य करा, पिल्लासमोर बोट किंवा दुसरी डहाळी धरा आणि त्याला स्वतःहून चढू द्या. वरून पकडून खेचू नका, पंजे फांदीला धरून असतात आणि बोटं निखळतात. रविवारी सकाळी, खाण्याआधी वजन घ्या आणि लिहा. वाढत्या वयात ते दर आठवड्याला वाढायला हवं. एक आठवडा थांबलं तर लक्ष ठेवा, सलग दोन आठवडे घटलं तर डॉक्टर.

तीन-चार आठवड्यांनी कात टाकताना अंग पांढरट होतं आणि कातडीचे तुकडे सुटतात. एक-दोन दिवस भूक मंदावते. हाताने सोलू नका, फवारा थोडा वाढवा.

डॉक्टरकडे कधी

सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर शॅमेलिऑन बघत नाहीत. पहिल्या महिन्यात ताज्या विष्ठेची तपासणी करून घ्या. रातकिड्यांतून जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) येतात. नमुना झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये, २४ तासांच्या आत पोहोचवा.

त्याच दिवशी न्यायचं, अशी लक्षणं:

- दिवसा डोळे मिटलेले. याला थांबणं नाही. पाणी कमी पडणं, व्हिटॅमिन ए कमी पडणं, डोळ्यात कचरा, संसर्ग, यांतलं काहीही असू शकतं.
- अंग तापलेलं नसताना तोंड उघडं, डोकं वर करून श्वास, टकटक आवाज, तोंडात बुडबुडे. हा फुफ्फुसाचा संसर्ग.
- पाय थरथरणं, वाकणं, जबडा मऊ लागणं, जीभ अर्धवट बाहेर राहणं. हाडांचा आजार. लवकर धरला तर आजाराची वाढ थांबवता येते, वाकलेलं हाड मात्र पुन्हा सरळ होत नाही.
- फांदीवरून पडणं, किंवा दिवसा पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणं.

नेताना छोट्या खोक्यात आडवी डहाळी घट्ट बसवा, खोका अंधारा ठेवा, गाडीतल्या एसीचा झोत त्यावर येऊ देऊ नका.

मादी असेल तर

मादी पाच-सहा महिन्यांपासून नराशिवायही वांझ अंडी धरू शकते. भरपूर खाद्य आणि जास्त ऊब मिळाली की अंड्यांची संख्या वाढते, आणि मोठी वीण तिला पोखरून काढते. म्हणून सहा-सात महिन्यांनंतर उन्हाची फांदी २७ अंशांवरच ठेवा आणि खाद्य हळूहळू एक दिवसाआड आणा.

पाच महिन्यांची झाली की पिंजऱ्यात एक डबा कायमचा ठेवा, ३० सेंमी लांब-रुंद आणि निदान ३० सेंमी खोल, अपारदर्शक. त्यात धुतलेली बारीक वाळू भरा आणि एवढी ओली करा की बोटाने खणलेला बोगदा ढासळणार नाही. डब्यात उतरायला फांदी लावा. ती खाणं सोडून तळाशी येरझारा घालायला लागली, कोपरे उकरायला लागली, की वेळ आली आहे. पिंजरा बाहेरून चादरीने झाका आणि दोन दिवस फक्त पाणी द्या. खणताना माणूस दिसला तर ती खड्डा सोडून देते आणि अंडी पोटात अडकून बसतात. तीन दिवस उकरून अंडी आली नाहीत, किंवा ती डोळे मिटून तळाशी पडून राहिली, तर उशीर न करता डॉक्टरकडे न्या.

अंडी घातल्यावर ती खड्डा बुजवून वर येते, अंगावर माती, कुशी आत गेलेल्या. त्या दिवशी ड्रिपर तासभर चालवा. पुढचे पाच-सहा दिवस रोज कॅल्शियम लावलेले किडे आणि मऊ रेशीमअळ्या द्या, मग परत एक दिवसाआडच्या वेळापत्रकावर आणा. अंडी खणून काढा, मोजून तारखेसह वहीत लिहा, वाळू बदला आणि डबा पुन्हा जागेवर ठेवा, कारण चार-पाच महिन्यांत तो परत लागू शकतो.